जागच्या जागी सायकल

आमच्या वन्संनी सायकल घ्यायचं ठरवलं तेव्हा मला कुणीही विचारलं नाही. आमच्या घरात ज्या गोष्टीचं ओझं माझ्यावर पडणार असतं ती मला सगळ्यांत शेवटी कळते. एका रविवारी जेवताना आमचे हे सहज बोलल्यासारखं करून म्हणाले की ताई आता रोज सकाळी तासभर सायकल चालवणार आहे, आणि तेवढा वेळ आईजवळ तू बसशील असं मी सांगून टाकलंय. एवढं बोलून त्यांनी पुन्हा भात वाढून घेतला. मी ह्यांच्याकडे बघतच राहिले. आई ह्यांची, बहीण ह्यांची, आणि पहाटे उठायचं मी.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. पन्नाशी ओलांडलेली, अंगाने काटकुळी, बोलायला मोजकी. त्या कवळ्या करतात. दंतवैद्य रोग्याच्या जबड्याचं माप पाठवतात, वन्सं त्यावरून प्लास्टरचा साचा ओततात, गुलाबी मेणावर एकेक दात बसवतात, वरचे खालच्यांवर नीट टेकतात की नाही ते बघतात आणि मग पक्की कवळी घडवून चकचकीत करून देतात. लग्न का केलं नाही असं मी त्यांना नवी नवरी असताना एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "आलेल्या स्थळांचे दात बघत बसले गं, माणूस बघायचा राहिला." त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

पूर्वी त्या एका मोठ्या दवाखान्याच्या कवळ्यांच्या कारखान्यात जात. मग सासूबाई न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड बसवलं, पण चालणं काही पुन्हा जमलं नाही. आमच्या घरापासून थोड्या अंतरावर त्या मायलेकी दोघीच राहतात, तिथं वन्संनी काम घरी आणलं. मागच्या खोलीत टेबल, दिवा, दात घासायची लहानशी मोटर आणि दातांचे खण. पुढच्या खोलीत सासूबाईंचा पलंग. मध्ये दार नाही, नुसता पडदा. एकीने उसासा टाकला की दुसरीला ऐकू जाणार. सासूबाईंना चालता येत नसलं तरी त्यांच्या नजरेला आणि जिभेला काहीही झालेलं नाही. आमटीला फोडणी कुणी दिली ते त्या वासावरून सांगतात, आणि माझी असली तर तोंड वाकडं करूनच सांगतात.

तर अशा घरात एक दिवस कप्तान आला. खरं म्हणजे त्याचं नळ आणि बेसिनचं दुकान आहे, पण सगळे त्याला कप्तानच म्हणतात. त्याचे पुढचे दात गेले होते, आणि बाजूच्या दातांशी रंग जुळतोय का ते बघायला दंतवैद्याने त्याला थेट वन्संकडे धाडलं होतं. खिडकीशी उभं करून वन्संनी त्याच्या तोंडाजवळ एकेक नमुना धरला. तोंडाचा आ करूनच त्याने त्यांना सांगितलं की तुमचा चेहरा फार पांढरा पडलाय, तुम्हाला ऊन लागत नाही, आमच्या गटात या, रोज सायकल चालवा. त्याचे ते दात सायकलवरून पडूनच गेले होते. हे ठाऊक असूनही वन्सं हो म्हणाल्या. त्यावर मी काय बोलणार?

त्या गटाचं आव्हान असं होतं: तीन महिने, रोज तासभर, एकही दिवस न चुकवता. आणि नियम असा की कुणाचाही दिवस पडू द्यायचा नाही. एखाद्याचं चाक बसलं तर दुसरा आपली सायकल देणार. एकाला कामासाठी दुसऱ्या गावी जायचं होतं, तर गटाने त्या गावातल्या कुणाच्या तरी ओळखीने सायकल मिळवून स्टेशनाबाहेर उभी करवली. तो बिचारा सुटकेस घेऊन उतरला आणि समोर सायकल. मदत करायची संधी दिसली की ही माणसं अक्षरशः तुटून पडत. त्यात एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, त्यांना सगळे टिणटिण बाई म्हणायचे, कारण कुत्रं दिसलं तरी घंटी, माणूस दिसला तरी घंटी, आणि कुणी दिसलं नाही तर कुणीतरी दिसावं म्हणून घंटी. सर्वांत मागे राहणाऱ्याच्या मागे राहायचं हे त्यांचं काम. वन्संच सर्वांत मागे असायच्या, त्यामुळे वन्संच्या पाठीशी सदैव टिणटिण.

पहिले काही दिवस मी रोज मनातल्या मनात शिव्या देत जात होते. माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. दिवसभर लोकांच्या पँटी आखूड करायच्या आणि चेन बदलायच्या, त्याआधी पहाटे सासूबाईंची चाकरी. तासभर त्या माझी शाळा घेत. चहा पांचट झाला, केस नीट बांधले नाहीस, तुझा नवरा लहानपणी इतका जाड नव्हता. मधेच मला गप्प बसवून बाहेर कान द्यायच्या.

वन्सं परत यायच्या तेव्हा मात्र त्यांचं रूप बघण्यासारखं असायचं. गाल लाल, कपाळावर केस चिकटलेले आणि तोंडाचा पट्टा सुरू. कालव्याच्या कडेने गेलो, तिथल्या पिवळ्या घराला नवे पडदे लागले, बेकरीवाल्याने पाटी रंगवली आणि त्यातलं एक अक्षर विसरला. सासूबाई प्रत्येक गोष्टीवर वाद घालायच्या. त्या घराला पडदे शोभणारच नाहीत, बेकरीवाला बापापासूनच विसरभोळा. मायलेकींचं हे चाललेलं असताना मी माझी पिशवी उचलून निघून जायचे. मी गेले हे दोघींच्या लक्षातही येत नसे. चिडायला मला तेवढंही कारण पुरत होतं.

आणि मग माझ्या कंबरेत उसण भरली. दुकानातलं शिवणयंत्र सरकवायला गेले आणि तिथंच वाकलेली राहिले. डॉक्टरांनी सांगितलं, उचलायचं नाही, वाकायचं नाही. सासूबाईंना तर कुशीवर वळवायलाही हात लावावा लागतो. म्हणजे सकाळी जाणं बंद. वन्संना निरोप दिला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "तू बरी हो आधी." ह्यांनी काय केलं म्हणाल, तर फार वाईट वाटून घेतलं. ते ह्यांना छान जमतं.

वन्संनी गटाला कळवलं की उद्यापासून येणं जमणार नाही. बस, तिथून सगळा घोळ सुरू झाला. कुणाचा दिवस पडू द्यायचा नाही ना! त्याच संध्याकाळी कप्तान, टिणटिण बाई आणि आणखी दोघं एक लोखंडी स्टँड घेऊन दारात हजर. सायकलचं मागचं चाक त्यात अडकवायचं की चाक फिरतं पण सायकल जागची हलत नाही. कप्तानाने खोलीची मापं घेतली आणि स्टँड नेमका सासूबाईंच्या पलंगासमोर बसवला, म्हणजे वन्संना सायकल चालवता चालवता आईकडे लक्षही देता येईल. टिणटिण बाईंनी भिंतीवर फोन अडकवायची सोय केली, म्हणजे रस्त्यावरचा गट आणि घरातल्या वन्सं एकमेकांना दिसतील. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या ह्यांनी तर कप्तानाचा हात दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाले की माणसं असावीत तर अशी. मी आडवी पडून फोनवर हे सगळं बघत होते. मलाही वाटलं, चला, सुटले.

वन्सं हसत होत्या. कवळी बसवून बघताना रोगी जसा तोंड उघडून दाखवतो, तसं ते हसणं होतं, पण एवढ्या लांबून मला ते काय कळणार?

कंबर बरी झाली. मी वन्संना विचारलं, येऊ का उद्यापासून? त्या म्हणाल्या, "नको गं, आता सोय झालीये ना, तुला कशाला त्रास." आमच्या घरात नको म्हणजे नको असं कधीच नसतं, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं. पण उबदार अंथरुणातून उठायची कुणाला हौस असते? मी काही फार आग्रह केला नाही.

त्यानंतर त्या घरातून एकेक चमत्कारिक बातमी येऊ लागली. पंख्यावरून दोघींचं वाजलं. मग खिडकीवरून. मग चहा गरम की कोमट यावरून दोन दिवस बोलणं बंद. ज्या बाईच्या हातची कवळी आजवर कधी परत आली नाही, तिची एक कवळी दंतवैद्याने परत पाठवली. दात इतके पुढे बसवले होते की त्या रोग्याला तोंडच मिटता येईना. मी ह्यांना म्हटलं, जाऊन बघा जरा काय चाललंय. हे म्हणाले, बायकांचं असतं असं, होईल ठीक. मी कपाळावर हात मारला आणि दुकान लवकर बंद करून स्वतःच गेले.

पुढच्या खोलीत सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. पलंगाला खेटून ती सायकल. तिच्यामुळे आत जायला आडवं होऊन जावं लागत होतं. मागच्या खोलीत वन्सं ती परत आलेली कवळी घासत होत्या. मी बसल्यावर त्यांनी मोटर बंद केली नाही. माझ्या लक्षात आलं की पडद्याच्या पलीकडे ऐकू जाऊ नये म्हणून ती सुरू ठेवलीये.

"तिथं बसून मी कालव्याचा रस्ता आठवायचा प्रयत्न करते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पिवळ्या घरापर्यंत पोचते आणि आई म्हणते, पंखा कमी कर."

मी म्हटलं, मग सांगून टाका की त्या लोकांना, न्या म्हणावं तुमचा स्टँड, मी येते सकाळी.

"काय सांगू? इतकं केलं त्यांनी. आणि आईच्या समोर काय म्हणू, तासभर मला तुझ्यापासून लांब जायचंय म्हणून? ती जन्माची पलंगावर आणि मी असं बोलू?" त्यांनी कवळी उजेडाकडे धरली आणि पुन्हा घासायला घेतली. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही. धूळ गेली असेल असं मी समजावं अशी त्यांची इच्छा दिसली, म्हणून मी तसं समजले.

रस्त्याने घरी येताना मी कुणावर चिडू तेच मला कळेना. कप्तानावर चिडावं तर तो भला माणूस. सासूबाईंवर चिडावं तर त्यांनी मागितलं काय होतं? वन्संवर मात्र मी मनसोक्त चिडले. पन्नाशीच्या बाईला एक वाक्य तोंडातून काढता येऊ नये! पण ते वाक्य मीही जाऊन कप्तानाला सांगितलं नाही. वन्संनी मोटर सुरू ठेवून सांगितलेली गोष्ट मी चव्हाट्यावर कशी मांडणार? शेवटी आव्हान संपेपर्यंत कळ काढायची आणि मग तो स्टँड गुपचूप परत करायचा, असं मी मनाशी ठरवलं.

शेवटच्या दिवशी गटाने ठरवलं की वन्सं आपल्यापर्यंत येऊ शकत नाहीत तर आपण त्यांच्यापर्यंत जायचं. सकाळी सगळे सायकली घेऊन तिथंच आले. जिन्यात सायकली, दारात बूट, खोलीत घामेजलेली माणसं. वन्सं मधोमध त्या सायकलवर, शेवटचा तास पुरा करत होत्या, आणि भोवती सगळे शाब्बास, शाब्बास करत होते. आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या दाराशी अंग चोरून उभे. चहा अर्थात मीच केला होता.

तास संपला. टिणटिण बाईंनी घंटी वाजवली, ती त्या पिशवीत घालून आणतात. मग कप्तान बोलायला उभा राहिला. वन्संनी केलेले दात दाखवत तो म्हणाला की पुढचं आव्हान सहा महिन्यांचं आहे, आणि कवळीताईंना पुन्हा अडचण येऊ नये म्हणून गटातर्फे हा स्टँड त्यांना कायमचा भेट. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या ह्यांनी सर्वांत जोरात. वन्संनी सायकलची मूठ अशी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली. त्या काहीतरी छान बोलणार आणि आभार मानणार हे मला स्पष्ट दिसलं. माझं डोकं असं फिरलं की आता मीच बोलणार होते, पण माझ्याआधी पलंगावरून आवाज आला.

"हे यंत्र घेऊन जा," सासूबाई म्हणाल्या.

कप्तानाने लगेच विचारलं, "आवाज होतो का आजी? खाली रबर टाकू आपण."

"आवाजाचं काही नाही. मला ही सकाळची घरात नको."

वन्संचा चेहरा उतरला. सासूबाईंनी कोपरावर भार देऊन मान वर केली.

"पूर्वी ही बाहेर जायची. गेली की मी हिची वाट बघायला लागायचे. कुठवर पोचली असेल, आल्यावर काय सांगेल. मला दुसरं काय काम आहे इथं? आता ही समोरच बसून चाक फिरवते. समोर बसलेल्या माणसाची वाट कशी बघायची, ते सांगा मला कुणीतरी."

"मलाही जायचं होतं गं आई," वन्सं म्हणाल्या. "तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

"वाटलं असतं. त्यात काय झालं?"

टिणटिण बाई नाक पुसत म्हणाल्या की हे आम्हाला कुणी सांगितलं का नाही. तुम्ही मदत करायचं क्षणभर थांबलात तर सांगणार ना, असं मी म्हणाले, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मला बरं वाटलं. पण ते लोक थांबतात कुठले? लगेच चार हात वर झाले. मी सोमवारी बसते आजींजवळ, मी मंगळवारी येतो, आपण पाळ्या लावू. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. मी सगळ्यांना म्हटलं, खाली करा ते हात, घरात माणसं आहेत.

मग सवयीप्रमाणे सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. ह्यांनीही माझ्याकडेच बघितलं, आणि मान डोलवली, जणू ठरलंच.

"मी नाही," मी म्हणाले. "उद्यापासून तुम्ही."

हे गडबडले. म्हणाले, मला सकाळी उठवत नाही, तुला माहितेय, आणि आईचं सगळं मला जमणार आहे का?

"येऊ दे त्याला," सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "त्याचीही वाट बघतेच आहे मी. बरीच वर्षं झाली."

ह्यांच्या हातात चहाचा कप होता. तो कुठे ठेवावा हे त्यांना सुचेना. शेवटी मीच तो काढून घेतला. कप्तानाने खिशातून पाना काढला, खाली बसला आणि स्टँडचे नट सोडवू लागला. चाक मोकळं झालं तशी वन्संनी सायकल उचलली, माणसांमधून वाट काढत दाराबाहेर नेली आणि जिन्याने खाली गेल्या. त्या दिवशीचा तास त्यांचा केव्हाच पुरा झाला होता. त्यांच्या मागे राहायला टिणटिण बाई उठल्या, मी त्यांचा हात धरून त्यांना पुन्हा खाली बसवलं.

हे पलंगाजवळ गेले. कुठे बसावं ते त्यांना कळेना, तेव्हा सासूबाईंनी हाताने पांघरूण आत ओढून कडेला जागा करून दिली. ते बसले. सासूबाईंनी बाहेर कान दिला. मग त्यांनी ह्यांना विचारलं, किती वाजले. ह्यांनी घड्याळ बघून सांगितलं.

"उशीर केला हिने," त्या म्हणाल्या.